नकाराची भाषा : आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई यांचे व्यवहारी इंग्रजी

एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रियांच्या इंग्रजी शिक्षणाविषयी आपल्याकडे जे विवेचन झाले आहे, त्यात इंग्रजी भाषा प्रायः दोनच रूपांत वावरताना दिसते : एक, नव्या ज्ञानाचे साधन म्हणून, आणि दुसरे, वसाहतवादी सत्तेचे हत्यार म्हणून. पहिल्या रूपाचा गौरव सुधारणावादी चरित्रकारांनी केला, दुसऱ्याची चिकित्सा गेल्या काही दशकांतील वसाहतोत्तर समीक्षेने केली. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. परंतु परक्या देशात नुकत्याच उतरलेल्या माणसाला भाषा ज्या कारणासाठी प्रथम लागते, त्या कारणाची दखल या दोन्ही भूमिकांत घेतली जात नाही. भाडे विचारणे, ताटात वाढलेले नम्रपणे परत करणे, खोलीत थंडी वाजते हे सांगणे, खर्चाचा हिशेब देणे, प्रवेशासाठी अर्ज करणे, ज्यांच्या घरी राहावयाचे त्यांची मर्जी सांभाळणे या साऱ्यांसाठी लागणारे जे इंग्रजी, त्याला येथे ‘व्यवहारी इंग्रजी’ असे म्हटले आहे. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) आणि पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) या दोघीही १८८३ साली हिंदुस्थानाबाहेर पडल्या. एक अमेरिकेला, दुसरी इंग्लंडला. त्यांच्या पत्रव्यवहारातून व लेखनातून या इंग्रजीचा माग काढण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते ग्रंथालयात नव्हे, दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत. मोरोपंत तांबे यांच्या कन्येचे नाव लाभलेल्या या वसाहतीत मराठी कुटुंबे बदलीने येत आणि बदलीने वा निवृत्तीने जात. तेथे अनेक वर्षे राहिलेल्या एका वयोवृद्ध बाईंनी, ज्यांना आम्ही सारे काकू म्हणत असू, आपण इंग्रजी कसे शिकलो हे एकदा सांगितले होते. यजमानांच्या बदलीमुळे सातारा जिल्ह्यातून त्या थेट दिल्लीत आल्या. हिंदी भाजीवाल्याने शिकविली. इंग्रजी मात्र शेजारच्या क्वार्टरमधील एक शिकलेली बाई दुपारच्या वेळी शिकवीत असे. काकूंनी एक वही केली होती. तीत एका बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेला असे, आणि समोर त्याचा अर्थ नव्हे, तर तो कोठे लागतो हे लिहिलेले असे : दवाखान्यात, शाळेत, फोनवर. ‘सगळं जमलं,’ काकू म्हणाल्या, ‘पण शिकवणारीलाच नाही कसं म्हणायचं, ते काही जमेना. आज यायला जमत नाही, एवढंच सांगायचं असायचं. पण जिनं शब्द दिले, तिच्यापुढं तेच शब्द वापरून नाही म्हणायचं, म्हणजे तोंडच उघडत नसे.’

काकूंच्या या बोलण्यात भाषाशिक्षणाच्या चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट आहे. नवागताचा शिक्षक बहुधा त्याचा आश्रयदाताही असतो. त्यामुळे नवागत जी भाषा प्रथम शिकतो ती कृतज्ञतेची असते, आणि ती त्याला लवकर येते. कठीण असते ती नकाराची भाषा. शब्दसंग्रह किती वाढला, उच्चार किती सुधारले यापेक्षा, ज्याने भाषा दिली त्याला त्याच भाषेत ‘नाही’ म्हणता आले की नाही, ही व्यवहारी भाषेची खरी कसोटी होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आनंदीबाई आणि रमाबाई यांचे लेखन या कसोटीवर वाचले असता दोघींमधील साम्य आणि अंतर ही दोन्ही वेगळ्या प्रकारे दिसू लागतात.

आनंदीबाईंच्या इंग्रजीचा इतिहास हाही एका अर्थी बदलीचाच इतिहास आहे. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांबरोबर आनंदीबाई फिरल्या, आणि प्रत्येक ठिकाणी काही प्रमाणात नवागतच राहिल्या. बंगालात तर मराठी कोणाला समजत नव्हती व बंगाली त्यांना अपरिचित होती. तेथे इंग्रजी ही परकीयांशीच नव्हे तर स्वदेशीयांशी बोलण्याचीही भाषा ठरली. हे इंग्रजी त्यांना गोपाळरावांनी शिकविले, आणि ते शिक्षण धाकाचे होते. लहान वयात सोसलेल्या माराचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात केला आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने हा धाक मराठी वाचकाच्या मनावर कायमचा कोरला. परंतु कादंबरीचा गुरुत्वमध्य दांपत्यात असल्यामुळे इंग्रजी तेथे गोपाळरावांच्या हट्टाचे दृश्य रूप बनते. आनंदीबाईंनी त्या इंग्रजीचे पुढे काय केले, हा प्रश्न काहीसा मागे पडतो.

त्या काळातील इंग्रजी शिक्षणाची रीत ध्यानात घेतली म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व कळते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती रीत वाक्याला वाक्य ठेवण्याची होती. तिने वाचता येई, लिहिता येई, व्याकरण पक्के होई. परंतु वाक्य कोण कोणाला उद्देशून बोलत आहे, बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नाते काय, हे पाठातून शिकणे शक्य नव्हते. आनंदीबाईंना ते शिकविले पत्रव्यवहाराने. गोपाळरावांचे एक पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि १८८० पासून या दोन स्त्रियांची पत्रे सुरू झाली. म्हणजे ज्या घरी उतरावयाचे त्या घराशी आनंदीबाईंचा तीन वर्षांचा लेखी परिचय आधीच झालेला होता. त्यांच्या बाबतीत लिहिण्याचे इंग्रजी आधी आले व राहण्याचे नंतर. नवागताच्या नेहमीच्या अनुभवाचा हा क्रम उलटा आहे.

नकाराचा पहिला मोठा प्रसंगही समुद्र ओलांडण्यापूर्वीच आला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो यावर इंग्रजीत भाषण केले. लोकांनी घेतलेल्या आक्षेपांना एकेक करून उत्तर देणारे हे भाषण आहे, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार त्यात आहे. भाषणाचे स्त्रीशिक्षणविषयक महत्त्व सर्वमान्य आहे. येथे आणखी एक बाब नोंदवावीशी वाटते. हे इंग्रजी ज्या मिशनरी वर्तुळात घडले होते, त्याच वर्तुळाच्या सर्वांत मोठ्या अपेक्षेला, धर्मांतराच्या अपेक्षेला, ते त्याच भाषेत नकार देत होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. २८ जून रोजी, म्हणजे महिनाही होण्यापूर्वी, रोझेलहून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. नवागताच्या व्यवहारी इंग्रजीचा याहून नमुनेदार दस्तऐवज सापडणे कठीण. अर्ज हा व्यवहारी लेखनाचा सर्वांत बंदिस्त प्रकार आहे. त्यात मागणाऱ्याने खाली उभे राहून वर बोलावयाचे असते. आनंदीबाईही प्रवेशाच्या सर्व बारीकसारीक अटींना आपली तयारी पुरी पडेलच असे नाही, हे प्रारंभी मोकळेपणाने मान्य करतात. पण पुढे पत्राचा स्वर पालटतो. मित्रमंडळींचा व जातीचा एकवटलेला विरोध झुगारून ज्या निश्चयाने आपण या देशात आलो तो निश्चयच आपले पात्रतापत्र मानावे, असा युक्तिवाद त्या करतात. आपल्या देशातील स्त्रियांचे हाल हे त्या निश्चयामागचे कारण म्हणून येते. विनंती करता करता अर्ज दाव्यापर्यंत पोहोचतो. अठरा वर्षांच्या, देशात येऊन जेमतेम साडेतीन आठवडे झालेल्या मुलीला अर्जाच्या साच्यातून एवढे काढता यावे, हे केवळ व्याकरणाच्या तयारीने साधणारे नाही. आनंदीबाईंच्या पत्रांकडे भावुक चरित्रसामग्री म्हणून पाहण्याची आपली सवय या पत्राच्या बाबतीत तरी सोडावयास हवी.

रमाबाईंची स्थिती जवळजवळ प्रत्येक बाबतीत निराळी होती. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या बाई १८८२ साली पुण्यास मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजीची सुरुवात करीत होत्या. हंटर आयोगापुढील त्यांची साक्ष त्याच वर्षी मराठीत झाली. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला, आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला व आनंदीबाई भगत या सोबतिणीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठात त्या उतरल्या. काही महिन्यांतच सोबतिणीने आत्मघात केला. मराठीत बोलण्याजोगी घरची सोबत उरली ती अडीच वर्षांच्या मनोरमेची. वैद्यक शिकण्याचा बेत बहिरेपणामुळे सोडावा लागला.

या बहिरेपणाचा विचार भाषेच्या अंगाने फारसा झालेला दिसत नाही. व्यवहारी भाषा माणूस कानाने शिकतो. बाजारात, जेवणाच्या टेबलाशी, प्रार्थनागृहातून बाहेर पडताना जे कानी पडते त्यातून ती हळूहळू अंगी मुरते. काकूंच्या वहीतील देवनागरी शब्द हे कानाने टिपलेले शब्द होते. रमाबाईंना हा मार्ग अर्धा बंदच होता. त्यांना इंग्रजी डोळ्यांनी, म्हणजे वाचून आणि पत्रे लिहून शिकावे लागले असणार. त्यांची इंग्लंडमधील पत्रे इतकी दीर्घ, मुद्देसूद व वादाला सिद्ध का, याचे एक कारण येथे असावे. जे मुद्दे बोलण्यात एरवी विरून जातात, ते त्यांच्याकडून कागदावर आले. शास्त्रार्थाची संस्कृत परंपरा अंगवळणी पडलेली होतीच. पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करण्याची ती पद्धत इंग्रजी पत्रातही स्पष्ट ओळखू येते.

भगिनी जेराल्डीन यांनी संकलित केलेला व अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यातील १८८४–८५ ची पत्रे ही प्रस्तुत विषयाची सर्वांत समृद्ध सामग्री होय. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे काय, यावर धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंचे उत्तर मोठे मार्मिक आहे. आपल्या वडिलांनी किंवा पतीने अशा शिकविण्याला कधी आडकाठी केली नाही. ती इंग्रजांनी करावी याचे आपल्याला नवल वाटते, असे त्या कळवितात. ‘मागासलेल्या’ देशातून आलेल्या शिष्येने ‘पुढारलेल्या’ देशाला दिलेला हा शेरा आहे. तो भाषेच्या दृष्टीने साधा, जवळजवळ पाठमालेतील वाक्यासारखा आहे. त्याची धार पूर्णपणे तुलनेत आहे. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे तसेच जोखड आपण मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे १८८५ मधील त्यांचे पत्र पुष्कळदा उद्धृत केले जाते. त्यामानाने क्रुसावर कोरावयाच्या अक्षरांचा वाद दुर्लक्षित राहिला आहे. त्या अक्षरांसाठी लॅटिन सुचविली गेली तेव्हा रमाबाईंनी संस्कृतचा आग्रह धरला. लॅटिनमध्ये असे काय आहे की जे आपल्या जुन्या भाषेत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. इंग्रजी शिकत असलेली विद्यार्थिनी इंग्रजीतूनच, इंग्रजांच्या पवित्र भाषेला, आपल्या पवित्र भाषेच्या बाजूने नकार देते. एका प्रश्नात चार बाजू एकत्र आल्या आहेत.

या सर्व पत्रव्यवहारात एक मराठी शब्द पुनःपुन्हा येतो, आणि आमच्या मते तोच या साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. जेराल्डीन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणतात. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यानंतर (२९ सप्टेंबर १८८३) जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक माता ठरल्या. अर्थात मनोरमेच्या आजी. मराठी घरात आई आपल्या मुलांच्या नात्याने वडीलधाऱ्यांना हाक मारते, तशी ही हाक आहे. इंग्रजीने रमाबाईंपुढे ‘मॅडम’ आणि ‘सिस्टर’ अशी दोन संबोधने ठेवली होती. पहिल्यात अंतर होते, दुसऱ्यात धर्मसंस्थेची शिस्त होती. तिसरे नाते त्यांनी स्वतःच्या भाषेतून आणले. आणि या हाकेचा उपयोग केवळ जिव्हाळा दाखविण्यापुरता नाही. आश्रयदात्रीला नकार देणे म्हणजे कृतघ्नपणा; आजीला नकार देणे म्हणजे हट्ट. आजीशी भांडता येते, रुसता येते, तिचे न ऐकता पुन्हा तिच्याकडेच जाता येते. मराठी नातेव्यवस्थेने नकाराला दिलेली ही मुभा रमाबाईंनी इंग्रजी पत्रात आणून बसविली. ‘आजीबाई’ या संबोधनाखाली आलेला मजकूर कित्येकदा कमालीचा कठोर आहे, हा योगायोग नव्हे. जेराल्डीन यांना ही मुभा कितपत उमगली, हा वेगळा प्रश्न आहे. हाकेतील माया त्यांनी स्वीकारली, परंतु तिच्यामागून येणारा हट्ट त्यांना अहंकार वाटला, असे पत्रव्यवहारावरून दिसते.

आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंशी जोडलेले नाते मावशीचे होते. आजी आणि मावशी यांतील फरक मराठी वाचकाला समजावून सांगावयास नको. मावशी ही आईच्या पिढीची, आईच्या बाजूची. तिच्याशी भांडण्यापेक्षा तिच्यापाशी मन मोकळे करण्याचा प्रघात आहे. त्यामुळे आनंदीबाईंच्या रोझेलच्या पत्रांत वादाचा प्रसंग विरळा. त्यांचा नकार बोलण्यात कमी व राहण्यात अधिक दिसतो. धर्म, आहार व पोशाख यांबाबत त्या ठाम राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली ती आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरील प्रबंधासह. विषयाची ही निवडही एक प्रकारचे उत्तरच होती. मात्र आनंदीबाईंची पत्रे रमाबाईंच्या पत्रांशेजारी ठेवून त्यांना ‘सौम्य’ ठरविणे अन्यायाचे होईल. ज्या माणसाने त्यांना भाषा मारून शिकविली, त्याला त्या माराची आठवण लेखी करून देणे हा नकार रमाबाईंच्या कोणत्याही पत्राहून सोपा नव्हता.

पदवीदान समारंभासाठी डीन रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या, आणि १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकाभर व्याख्याने देत हिंडल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हे इंग्रजी पुस्तक त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. समीक्षकांचे बहुतेक लक्ष याच पुस्तकाने वेधून घेतले आहे. परंतु व्यवहारी इंग्रजीचे खरे फलित पाहावयाचे तर ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या मराठी ग्रंथाकडे वळले पाहिजे. इंग्रजी पुस्तक हे आश्रयदात्यांना उद्देशून आहे; त्यात मागणी आहे, म्हणून त्याची भाषा अर्जाला जवळची आहे. बोस्टनला १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले होते. मराठी ग्रंथात कोणाकडे काही मागावयाचे नाही. तेथे रमाबाई अमेरिकेतील शिक्षण, गृहस्थिती, स्त्रियांच्या संघटना यांचे कौतुक मनापासून करतात. पण कृष्णवर्णीयांशी व मूळ रहिवाशांशी गोऱ्यांनी केलेल्या वर्तनाविषयी त्या स्पष्टपणे लिहितात, आणि टोपीवर पक्ष्यांची पिसे मिरविणाऱ्या बायकांनाही सोडत नाहीत. यजमानांविषयीचे हे कठोर बोल यजमानांना वाचता न येणाऱ्या भाषेत आले आहेत, ही बाब नजरेआड करता येणार नाही. इंग्लंडमध्ये आजीबाईंना तोंडावर नकार देणाऱ्या रमाबाई येथे पाठीमागे बोलतात, असे कोणी म्हटले तर त्याला सरळ उत्तर देणे अवघड आहे. मात्र ग्रंथाचा उद्दिष्ट वाचक महाराष्ट्रातील होता, आणि त्याच्यापुढे एका देशाचे केवळ स्तुतिपाठ न ठेवणे हीही एक प्रामाणिकता होती, एवढे म्हणता येईल.

हे बोल यजमानांच्या भाषेत पुस्तकरूपाने पोहोचावयास ११४ वर्षे लागली. २००३ साली या ग्रंथाचे दोन इंग्रजी अनुवाद एकाच वर्षी निघाले : एक मीरा कोसंबी यांचा, दुसरा क्षितिजा गोम्स यांनी केलेला व रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी संपादिलेला. ‘लोकस्थिती’ या एका समासावर दोघांनी दोन दिशांनी चाल केली. कोसंबींच्या शीर्षकात ‘पीपल्स’, म्हणजे लोक, आणि तेही अनेकवचनी आले; गोम्स-फ्रायकेनबर्ग यांच्या शीर्षकात ‘कंडिशन्स ऑफ लाइफ’, म्हणजे स्थिती. समासाचे एक पद एकाकडे गेले, दुसरे दुसऱ्याकडे. मराठी शब्दात मात्र लोकांची स्थिती पाहणारी नवागत बाई दोन्ही पदांच्या मधोमध उभी आहे. तुलनाकाराला येथे काम करावयास भरपूर वाव आहे. दोन्ही अनुवाद मूळ ग्रंथाशी प्रकरणवार पडताळून पाहणे हे एका स्वतंत्र प्रबंधाचे काम होईल.

शेवटी या सामग्रीची एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. आनंदीबाईंची आणि रमाबाईंची पत्रे आज आपल्यासमोर आहेत, त्याचे कारण ती ज्यांना लिहिली गेली त्यांनी जपून ठेवली हे आहे. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र अमेरिकेत राहिलेल्या पत्रांवाचून लिहिलेच गेले नसते, आणि रमाबाईंचे नकार, ज्यांना ते दिले गेले त्या आजीबाईंनीच संकलित केले. नकाराचे दफ्तर नकार घेणाऱ्याच्या कपाटात तयार झाले आहे. त्यात जे पत्राने बोलले गेले तेवढेच आले. रोझेलच्या स्वयंपाकघरात, वाँटेजच्या जेवणघरात, चेल्टनहॅमच्या दुकानात जे तुटक, चुकतमाकत, हातवाऱ्यांच्या आधाराने बोलले गेले असेल, त्याची नोंद कोणी केली नाही. तशी नोंद करणारी एक वही आपल्या माहितीची होती. काकूंना तिच्याविषयी पुन्हा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, यजमान निवृत्त झाल्यावर क्वार्टर रिकामे करताना जुन्या मासिकांबरोबर ती रद्दीत गेली.